नाशकात हॉटेल कंपनीच्या परचेसला नवीन लागलात? मग माल कुठून येतो ते आधी बघा

हे कुणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. नाशकात चार-पाच आउटलेट असलेल्या हॉटेल कंपन्या आता बऱ्याच झाल्यात, कुणाची मिसळ, कुणाची थाळी, कुणाचं गंगापूर रोडला कॅफे, आणि जोडीला सातपूर-अंबडच्या कारखान्यांची कॅन्टीनं. अशा ठिकाणी एखादा पोरगा किंवा पोरगी परचेसला लागते, जरा रुळते, आणि एक दिवस शेठ म्हणतो, "ते सामाजिक-पर्यावरण जबाबदारीचं काय ते तू बघ, कंपनीवाले फॉर्म मागतायत." फॉर्म का मागतात, तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, म्हणजे याच सामाजिक-पर्यावरण जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केलाय. मग त्या कंपन्या खाली कॅन्टीनवाल्याला विचारत सुटतात, बालकामगार आहेत का, कचरा कुठे जातो, तेलाचं काय करता. बहुतेक ठिकाणी नेटवरून एक इंग्रजी पॉलिसी उतरवतात, लेटरहेडवर छापतात, सही-शिक्का, झालं काम.

फॉर्म भरा, त्याला पर्याय नाही. पण माझं मत विचाराल तर मजुरांचे हाल, भलती फवारणी, भेसळ यातलं बरंचसं आपल्याच खरेदीच्या सवयींमुळे होतं. आपण रात्री अकराला ऑर्डर टाकणार, सकाळी सहाला माल दारात पाहिजे, भाव पाडून मागणार आणि पैसे दोन महिन्यांनी देणार. मग सप्लायर ते कुठून तरी भरून काढणारच ना, आणि तो भरून काढतो त्याच्या खालच्या माणसाकडून. म्हणून खाली सांगतोय ते सगळं आपल्या टेबलापासून सुरू होतं, सप्लायरला प्रश्नपत्रिका पाठवण्यापासून नाही.

पहिलं काम: वर्षभराची खरेदी काढा

टॅलीमधून गेल्या वर्षाची खरेदी काढा, पण आयटमप्रमाणे काढा, नुसती सप्लायरच्या नावाने काढली तर काही कळत नाही. पहिल्या वीस-पंचवीस आयटममध्येच बहुतेक पैसा गेलेला दिसेल: तेल, कांदा, टोमॅटो, बटाटा, दूध-पनीर, डाळी-मटकी, मैदा, गॅस, चिकन, पॅकिंग. आता प्रत्येक आयटमपुढे चार रकाने करा. कुणाकडून घेतो. त्याने कुठून आणला. कुणाच्या हातून झाला. आणि आपण पैसे किती दिवसांनी देतो. पहिला आणि शेवटचा रकाना तासाभरात भरेल, मधले दोन भरायलाच सगळा वेळ लागतो आणि खरं काम तेच आहे.

सगळ्या मेन्यूचं एकदम करायला जाऊ नका, डोकं फिरेल. एक प्लेट घ्या. मिसळच घ्या ना, आपल्याकडे कोण नाही विकत! मटकी: किराणा होलसेलरकडून, ती बहुतेकदा राजस्थानची. कांदा: लासलगाव, पिंपळगाव, नाहीतर नाशिकच्याच मार्केटचा. कोथिंबीर: जवळपासच्या गावांतली. पाव: बेकरीचा, म्हणजे रात्रभर भट्टीपुढे उभी राहणारी पोरं. फरसाण: कारखान्याचं, आणि ते तळलेलं असतं बहुतेक वेळा पामोलीनमध्ये, म्हणजे तुमच्या मिसळीचा एक धागा थेट इंडोनेशिया-मलेशियाच्या पाम तेलाच्या मळ्यांपर्यंत जातो, जिथे जंगल तोडून लागवड केल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. आपल्याला वाटतं आपलं सगळं लोकल आहे. कट लोकल असेल, तेल नाही.

तेलाबद्दल लगेच फार काही करता येत नाही हे मान्य. पण फरसाणवाल्याला विचारा तरी, कुठलं तेल वापरतो, किती वेळा तापवतो. शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलातलं वेगळं बनवून मिळेल का, किलोमागे किती फरक पडेल. मोठ्या तेल कंपन्यांकडे आरएसपीओचं प्रमाणपत्र असलेलं पाम तेल असतं, जबाबदारीने पिकवलेल्या पाम तेलाला प्रमाणपत्र देणारी ही संस्था २००४ पासून आहे, तर डबा घेताना निदान चौकशी करायला काय जातं.

दुसरं काम: आपल्या पेमेंटची तारीख बघा

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण मी यावरच सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सगळे हाच सोडून देतात.

चौथा रकाना उतरत्या क्रमाने लावा. सगळ्यात उशिरा पैसे कुणाला मिळतात? मोठ्या तेल कंपनीचा डिस्ट्रिब्युटर ॲडव्हान्सशिवाय गाडी खाली करत नाही, गॅसवाला रोख घेतो, आणि थांबतो कोण तर भाजीवाला, पापड लाटून देणाऱ्या बायकांचा गट, पत्रावळीवाला, मसाला कांडून देणारी ताई. म्हणजे ज्यांच्याकडे भांडवल सगळ्यात कमी ते तुमच्या धंद्याला बिनव्याजी पैसा पुरवतायत. पापडाच्या गटाचे तीन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवायचे आणि मग महिला दिनाला त्यांच्यासोबत फोटो टाकायचा, हे बघितलेलं आहे, नाव घेत नाही.

कायदा काय म्हणतो तेही माहिती असू द्या, शेठशी बोलताना उपयोगी पडतं. एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांचा, कायदा २००६ चा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सवाल्यांनीही पेच घट्ट केला, मुदत उलटली तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच वजा मिळतो, तोपर्यंत त्यावर टॅक्स भरा. नुसत्या व्यापाऱ्यांना हे लागू होत नाही, तेवढं तुमच्या सीएकडून समजून घ्या. शेठला पर्यावरण सांगून कंटाळा येईल, टॅक्स सांगितला की खुर्ची पुढे ओढून बसतो.

शेतकऱ्याला या कायद्याचं संरक्षण नाही, म्हणून आपणच नियम करायचा. शेतकरी, शेतकरी उत्पादक कंपनी आणि बचत गट यांना आठवड्यात पैसे, बाकीच्यांना करारात असेल तसे. अकाउंटवाला म्हणेल कॅश फ्लो बसत नाही, तर त्याला सांगा पहिले दोन महिने फक्त लहान दहा जणांचं करू, त्यांची एकूण रक्कम तेलाच्या एका गाडीपेक्षाही कमी निघते बहुतेकदा.

ऑर्डरची वेळ पण याच गोष्टीत येते. रात्री उशिरा ऑर्डर गेली की सकाळच्या मालासाठी कुणीतरी अंधारात शेतात उतरतं, टॉर्च लावून मेथी उपटतं, त्यात साप-विंचू आलं सगळं. आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ऑर्डर द्यायची शिस्त लावली तर एक रुपया खर्च नाही. आउटलेट मॅनेजर कुरकुर करतील, करू द्या.

तिसरं काम: मार्केटला जा, शेतावर जा

ऑफिसात बसून मधले रकाने भरत नाहीत. पंचवटीतल्या मार्केट यार्डात लिलावाच्या वेळी जाऊन उभे राहा, तुमचा भाजीवाला कुठल्या आडत्याकडून उचलतो ते बघा. पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेली हिशोबाची चिठ्ठी, बघायला मागा. भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, २०१६ पासून शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराने द्यायची असा नियम झालाय, तरी कपात वेगळ्या नावाने होतेय का हे पट्टी वाचली की कळतं. हमाल काय म्हणतात तेही ऐका, हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा आहे आणि तुमच्या गोदामात माल उतरवणारी माणसं नोंदलेली आहेत की कुठूनही आणलेली, हा प्रश्न तुमच्याही दारात आहे.

शेतावर जाताना मात्र इन्स्पेक्टरसारखं पॅड-पेन घेऊन जाऊ नका. गेलात की आधी पाणी प्या, चहा घ्या, पिकाबद्दल बोला. "नाना, यंदा मजूर कुठून आणले?" एवढं विचारलं की पुढचं आपोआप निघतं. चेकलिस्ट काढली की सगळे खरं बोलायचे थांबतात आणि तुम्हाला जे ऐकायचंय तेच सांगतात.

दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्षाची छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि पुढे टोमॅटोची तोडणी, या कामाला पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातून टोळ्या उतरतात. काम बऱ्याचदा उक्तं, म्हणजे एकूण कामाची रक्कम ठरवून, असतं, आणि काही वेळा मुकादमाने आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते. उचल घेणं म्हणजे लगेच गुन्हा असं नाही, पण उचल फिटेपर्यंत माणूस काम सोडून जाऊच शकत नाही, मजुरी कमी धरली जाते किंवा हिशोबच दाखवत नाहीत, असं असेल तर ती वेठबिगारी, आणि १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे. विचारायचं काय तर: हिशोब कुणाकडे असतो, मजुराच्या हातात काही कागद आहे का, आठवड्याला पैसे मिळतात की हंगामाच्या शेवटी, राहायला काय आहे, प्यायचं पाणी कुठलं, बायकांना संडासाची सोय आहे का. बायकांशी बायकांनीच बोललेलं बरं, म्हणून सोबत कुणी ताई असेल तर न्या. आणि मालक शेजारी उभा असताना मजुराला "तुम्हाला त्रास होतो का?" असलं काही विचारू नका, त्याला बिचाऱ्याला उद्या तिथेच काम करायचंय.

शेतात पोरं दिसतील. आईबापासोबत आलेली असतात, गावाकडे ठेवायला कुणी नसतं. खेळणारं पोर आणि क्रेट उचलणारं पोर यातला फरक डोळ्यांना कळतो. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर जवळपास सरसकट बंद आहे, घरच्यांना शाळा सुटल्यावर मदत करायची सूट आहे पण ती मजुरीच्या कामाला नाही. हॉटेल-ढाब्यांवर तर १० ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे. असं पोर कामावर दिसलं तर पहिली धाव "सप्लायर बंद करा" अशी नको. सप्लायर बंद केला की तुमचे हात स्वच्छ होतात, पोर दुसऱ्या शेतात जातं. आधी पोराचं बघा: जवळच्या शाळेत हंगामापुरतं घेतील का, आईला बदली मजूर मिळेपर्यंत काय करता येईल. अडकवून ठेवलंय, मारहाण आहे असं वाटलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन, तिथे वाट बघायची नाही. आणि पुन्हा तेच दिसलं तर मग खरेदी बंद.

कांदा, टोमॅटो आणि भाव

नाशिकला बसून कांद्याबद्दल बोलायचं नाही असं होऊ शकत नाही. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, कांदाचाळीत ठेवतात, दिवाळीपर्यंत पुरवतात. लाल कांदा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून यायला लागतो, तो टिकत नाही, मागोमाग रांगडा, म्हणजे उशिरा लावलेला खरीप कांदा. हे कॅलेंडर परचेसवाल्याच्या भिंतीवर पाहिजे, कारण कुठल्या महिन्यात शेतकरी अडलेला असतो ते त्यावरून कळतं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली, म्हणजे नेमकं लाल आणि रांगडा कांदा बाजारात असताना. भाव कोसळले. त्या काळात हॉटेलवाल्यांना स्वस्त कांदा मिळाला, कुणी तक्रार केली नाही. टोमॅटोचं उलटं, जुलै २०२३ ला किलोला शंभरच्या पुढे गेला तेव्हा सगळ्यांनी ग्रेव्ही पातळ केली, आणि पुढे काही महिन्यांतच परत रस्त्यावर ओतायची वेळ आली.

यावर करण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे भावाचा पट्टा ठरवून घेणं. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीशी बसा, आपल्या भागात त्या आहेत, मोहाडीच्या सह्याद्रीपासून छोट्या-छोट्या गावच्या कंपन्यांपर्यंत. वर्षाच्या गरजेतला एखादा हिस्सा, समजा तिसरा भाग, असा ठरवा की बाजार कितीही पडला तरी अमुक भावाच्या खाली आपण घेणार नाही आणि कितीही चढला तरी अमुकच्या वर ते मागणार नाहीत. खालचा आकडा उत्पादन खर्चाच्या वर पाहिजे, नाहीतर ते नाटक. खर्च त्यांच्याकडून लिहून घ्या: रोप, खत, मजुरी, चाळीतली घट, गाडीभाडं. तुमचे शेठ म्हणतील पडलेल्या बाजारात जास्त का द्यायचे? उत्तर सोपं आहे, चढलेल्या बाजारात कमी देणार आहोत म्हणून. सगळा माल असा बांधू नका, पहिल्या वर्षी थोडाच, दोन्हीकडून शब्द पाळला जातोय का बघा, कारण भाव चढला की शेतकऱ्यालाही मोह होतो, तीही माणसंच आहेत.

आणि वाकड्या गाजराचं, बारक्या टोमॅटोचं काय ते ठरवा. चटणीत, ग्रेव्हीत, रश्श्यात कुणाला दिसतंय टोमॅटो गोल होता की लंबुळका? "एक नंबर माल"च पाहिजे हा हट्ट सॅलडपुरता ठेवा.

फवारणी

इथे नाशिकवाल्यांना बाहेरच्यांपेक्षा जास्त कळतं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग शेतमाल निर्यातीचं बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर नोंदलेली असते, कुठलं औषध कधी मारलं याची वही असते, काढणीआधी नमुना लॅबला जातो, मर्यादेपेक्षा अंश जास्त निघाला तर माल जात नाही. आणि त्याच गावातली वांगी-फ्लॉवर आपल्या किचनला कुठलाही कागद नसताना येतात! म्हणजे पद्धत शेतकऱ्याला माहिती आहे, मागणारा भेटला नाही एवढंच.

तर मागा. फवारणीची वही दाखवा म्हणावं, आणि प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, ते दिवस पाळलेत का बघा. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर मारायला बंदी आहे, त्याची रिकामी बाटली बांधावर दिसली तर विषय तिथेच काढा. वर्षातून दोन-तीनदा जोखमीच्या भाज्यांचे नमुने मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, खर्च कंपनीने करायचा, शेतकऱ्याच्या माथी नाही. आणि फवारणारा माणूस विसरू नका. त्याला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे आहेत का. ताटातल्या अंशाची काळजी सगळे करतात, पाठीवर पंप घेऊन त्याच धुक्यात चालणाऱ्याची कुणी नाही करत.

चिकनचं थोडक्यात. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना देण्यावर देशात २०१९ पासून बंदी आहे, सप्लायरकडून तसं लेखी घ्या आणि आजारपण नसताना इतर अँटिबायोटिक खाद्यातून देता का हेही विचारा. मासे ठेवत असाल तर तळहाताएवढे पिल्लू पापलेट घेऊ नका, २०२३ पासून पापलेट आपला राज्य मासा आहे आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवून दिलाय. पनीरच्या नावाखाली वनस्पती तेलाचं ॲनालॉग, म्हणजे पनीरसारखं दिसणारं दुसरंच काही, येत असेल तर ते स्वस्त का आहे हे तुम्हाला कळत नाही असं म्हणू नका.

तळणीचं तेल

याला वेगळा भाग देतोय कारण यात साखळी मागे नाही, पुढे जाते. तेल परत-परत तापलं की त्यात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल बिघडल्याचे घातक घटक, वाढतात, एफएसएसएआयने (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) त्याची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, १ जुलै २०१८ पासून. मोजायचं छोटं मशीन मिळतं, चार आउटलेटमध्ये एक फिरवलं तरी चालतं. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळायला वापरत असाल तर नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं असं आहे. हे तेल पुढे बायोडिझेलला जातं, रुको नावाची योजना आहे त्यासाठी.

प्रत्यक्षात काय होतं? मागच्या दाराने कुणीतरी कॅन घेऊन येतो, लिटरमागे दोन पैसे जास्त देतो, आचारी देऊन टाकतो, आणि ते काळं तेल एखाद्या गाडीवर नाहीतर फरसाणच्या भट्टीत परत उकळतं. म्हणून तेल विक्रीचे पैसे आचाऱ्याच्या खिशात जाणं आधी थांबवा. पण नुसतं बंद केलं तर तो गुपचूप विकेल, त्यापेक्षा तेलाचे पैसे अधिकृत पावतीने घेऊन किचन स्टाफला बोनस म्हणून वाटा. हे चालतं.

पार्सल

१ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या प्लेट, कप, ग्लास, चमचे, काटे, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावरची पातळ फिल्म हे देशभर बंद आहे. महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच कॅरीबॅग बंद, पहिला दंड ५,०००, दुसरा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. तरी गरम रस्सा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रबर लावून द्यायची आपली पद्धत काही जात नाही. उकळती तर्री त्या पिशवीत ओतताना बघवत नाही खरंतर. वर्तमानपत्रात वडे बांधणंही बंद आहे, शाई पोटात जाते.

पर्याय घेताना फसू नका. "कम्पोस्टेबल" असं छापलेलं सगळं कम्पोस्टेबल नसतं, आयएसओ १७०८८ आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का विचारा. उसाच्या चोथ्याचे डबे चांगले, पण पातळ रश्श्याला झाकण घट्ट बसतं का ते आधी भरून, आडवं करून, स्कूटरवर फिरवून बघा. कॅन्टीनला तर डब्यांची गरजच नाही, स्टीलचे द्या आणि परत आणा. जवळच्या घरगुती गिऱ्हाइकांना स्वतःचा डबा आणला तर पाच-दहा रुपये कमी करा, मिसळीला तर लोक आधी किटलीच आणायचे. पळसाच्या पत्रावळी-द्रोण आदिवासी भागातल्या गटाकडून घेत असाल तर फार छान, फक्त वरचा पेमेंटचा भाग परत एकदा वाचा.

कचरा, टाकी आणि आपला भटारखाना

एक आठवडा कचरा मोजा. वजनकाटा ठेवा आणि तीन बादल्या: तयारीतला कचरा, शिजवून उरलेलं, ताटात उरलेलं. पहिली बादली जड असेल तर खरेदी किंवा कापणी चुकतेय, दुसरी जड असेल तर अंदाज चुकतोय, तिसरी असेल तर वाढप जास्त आहे. शेतातून आलेला माल टाकून देण्याइतकं पर्यावरणाचं नुकसान दुसऱ्या कशात नाही, पाणी, डिझेल, मजुरी सगळं बादलीत. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा निघत असेल तर तुम्ही मोठे कचरा निर्माते धरले जाता, ओला कचरा जिरवायची जबाबदारी मग तुमच्यावर येते, नुसतं घंटागाडीत टाकून चालत नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागात जाऊन तुमच्या वॉर्डात काय सोय आहे ते विचारा, हॉटेलच्या वाया गेलेल्या अन्नापासून गॅस-वीज करायचा प्रकल्प नाशिक महापालिकेने केलेला आहे.

सेप्टिक टाकी आणि ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी). हे कुठल्याच फॉर्ममध्ये नीट विचारत नाहीत. टाकी तुंबली की मॅनेजर कुणाला तरी बोलावतो, पाचशे-हजार देतो आणि माणूस आत उतरतो. २०१३ च्या कायद्याने हे करून घेणं गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणूस मिनिटांत जातो, त्याला काढायला उतरलेलाही जातो. सक्शन गाडीवाल्याचा नंबर प्रत्येक आउटलेटच्या भिंतीवर लावा, खर्च मंजुरीशिवाय करायची मुभा मॅनेजरला लेखी द्या. मंजुरीला दोन दिवस लागतात म्हणूनच तर माणूस उतरवतात.

आपल्या घरातलंही बघा हो. सप्लायरला मजुरीचे प्रश्न विचारणारी कंपनी स्वतःच्या भांडी घासणाऱ्या मावशींना किमान वेतन देते का, लेबर कॉन्ट्रॅक्टर पीएफ-ईएसआय खरंच भरतो का, चलन बघितलंय का कधी. नेपाळ, बिहार, ओडिशाहून आलेली पोरं एका खोलीत किती झोपतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते, २०१३ चाच कायदा, आणि ती कागदावर नको.

करार: एक पान, मराठीत

इंग्रजी चौदा पानी कोड ऑफ कंडक्ट भाजीवाल्याला पाठवू नका, तो न वाचता सही करेल आणि तुम्हीही न वाचता फाइल कराल. एक पान पुरे. अर्ध्या पानात त्याने काय पाळायचं: पोरं कामाला नाहीत, मजुरी वेळेवर आणि हिशोबासह, बंदी असलेलं औषध नाही, माल कुठला ते खरं सांगायचं, आम्ही कळवून किंवा न कळवता बघायला येऊ. अर्ध्या पानात आपण काय पाळू: ऑर्डर किती वाजेपर्यंत, पैसे कितव्या दिवशी, माल परत करायचा तर दारातच, दुपारी फोन करून नाही, भाव बदलायचा तर किती दिवस आधी. दुसरं अर्धं पान बघून सप्लायर आधी हसतो आणि मग पहिलं अर्धं पान मनावर घेतो.

चूक सापडली की लगेच तोडायचं नाही, तीन महिने मुदत आणि शक्य ती मदत. मुदत न देण्यासारख्या गोष्टी मोजक्याच: डांबून ठेवलेले मजूर, मुद्दाम भेसळ, टाकीत उतरवलेला माणूस.

आणि हो, सिंहस्थ

२०२७ ला नाशिक-त्र्यंबकला कुंभ आहे. तेव्हा मागणी किती पटीने वाढेल याचा अंदाज सगळेच करतायत, पण वरचे सगळे नियम मोडायचा दबाव नेमका तेव्हाच येणार आहे. रात्रीच्या ऑर्डरी, कुठूनही माल, कुठलाही कॉन्ट्रॅक्टर, रामकुंडाच्या आसपास पार्सलचा ढीग, आणि तात्पुरती पोरं, ज्यांच्या वयाचा दाखला कुणी बघणार नाही. त्यामुळे जादा माणसं कुठून आणणार, राहणार कुठे, दाखले कोण तपासणार, डबे किती आणि परत कसे येणार, सक्शन गाडी कुणाची, हे आत्ताच ठरवून जादा सप्लायरांशीही तेच एक पान सही करून ठेवा. मेन्यू त्या महिन्यांत निम्मा करा, पाच-सहा पदार्थ, माल मोजका, सगळा ओळखीचा. शेठला हे आवडेल, कारण छोटा मेन्यू गर्दीत जास्त चालतो.